नगराळेभाऊंनी निवडलेली मशीन

नगराळेभाऊंचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिला. यवतमाळच्या एका मोठ्या वसतिगृहात कोठीचा कारकून म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा भटारखान्यामागच्या ओट्यावर एक भला मोठा गंज आडवा पडला होता. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. हे इतकं मोठं होतं की त्यात एखादा माणूस मांडी घालून बसला असता. गंजाबाहेर खाकी कोटाची पाठ आणि पंप शू घातलेले दोन पाय दिसत होते, आणि आतून घुमारेदार आवाज येत होता, "कालच्या वरनाचा वास आहे याले. बाई, अजून एक डाव घास."

मी त्या पाठीलाच नमस्कार केला.

"कोन?" गंजाने विचारलं.

"कोठीचा नवा कारकून."

"बरं झालं आले. येथे या. नाक आत घाला अन् मले सांगा, वास येते का नाही."

नोकरीच्या पहिल्या दिवशी, इस्त्रीच्या सदऱ्यात, मी गंजात डोकं घातलं. वास येत होता. मी तसं सांगितल्यावर भाऊंचं मत माझ्याविषयी चांगलं झालं आणि ते पुढे कायम चांगलं राहिलं. माझे वडील कचेरीत, काका कचेरीत. आमच्या घराण्यात नाकाचा असा उपयोग याआधी कुणी केलेला नव्हता.

भाऊ तिथले मेसचे सुपरिंटेंडेंट. मॅट्रिक झालेले, मूळचे राळेगावकडचे. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी धर्म बदलला, आणि त्यानंतर लवकरच वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत लागले. अंगात बारा महिने तो खाकी कोट. उन्हाळ्यात यवतमाळचं ऊन डोकं भाजून काढतं, तेव्हासुद्धा. मुलं त्यावरून खूप बोलायची. भाऊंना ते माहीत होतं, पण कोट काही उतरला नाही. चहा ते स्वतः करायचे आणि तो इतका वाईट असायचा की समितीचे लोक त्यांच्या खोलीत बसणं टाळत. "चहा घेता?" असं त्यांनी विचारलं की समजावं, भाऊंना आता एकटं बसायचं आहे.

त्यांची आणखी एक खोड होती, ती कळायला मला थोडा वेळ लागला. मन प्रसन्न असलं की ते अगदी घरचं वऱ्हाडी बोलत. जरा चिडले की शब्द सुधारायचे. आणि खरोखर संतापले की त्यांच्या तोंडून पुस्तकातली मराठी यायची, "आपण", "कृपया", "अन्यथा" वगैरे. "काहून रे पोट्ट्या, मार खातं का?" असं ते म्हणाले तर मुलगा हसत निघून जायचा. पण "आपण हे योग्य केलेलं नाही" हे वाक्य ऐकलं की मोठमोठी मुलं ताटावरून उठायची.

मेसची भांडी घासायला सीताबाई होती. तीही बौद्ध, नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात, हंगाम असला तर कामावर, नाही तर घरी. तिला भाऊंनीच लावलं होतं. मुलं सगळ्या जातींची होती आणि भटारखान्यात स्वयंपाकाला महाराज होता, जबलपूरकडचा ब्राह्मण. सीताबाईने घासून पालथा घातलेला गंज चुलीवर चढवण्याआधी महाराज त्यात एक लोटा पाणी टाकायचा, गोल फिरवायचा आणि ओतून द्यायचा. याला तिथे "पाणी फिरवणं" म्हणत. कायद्याने शिवाशिव बंद झाली होती. तेव्हा त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, फक्त पाणी फिरवायचं. सीताबाई पाहायची आणि दुसरा गंज ओढायची.

मी एकदा भाऊंना म्हटलं, "तुम्ही हे चालू कसं देता?"

"फिरवू दे," ते म्हणाले. "पोट्ट्याइचा गंज दोनदा धुतला जाते." मग म्हणाले, "मी लोटा हिसकला तर तो उद्या पायटी कोनी पाहत नसन तवा फिरवन. त्याच्यापक्षा डोयासमोर बरा."

हे ते वऱ्हाडीत बोलले, म्हणून मला वाटलं, त्यांना फारसं लागत नसावं. मला त्या माणसाची तेव्हा पुरती ओळख नव्हती.

मशीनचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका हिवाळ्यात. त्या वर्षी थंडी कडक होती. विहिरीचं पाणी गार आणि खारं, त्यात राख आणि सोडा. सीताबाईची बोटं टोकांशी फाटली. ती चिंध्या बांधून घासायची, चिंध्या ओल्या व्हायच्या आणि सोडा आत जायचा. एक दिवस ती भाऊंना सांगत होती, तक्रार म्हणून नाही, अशीच, की आता घरी भाकर थापता येत नाही, पोरगी थापते. भाऊंनी तिचे हात पाहिले आणि खोलीत जाऊन चहा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते हॉटेलवाल्यांना, इस्पितळाच्या स्वयंपाकघरांना आणि नागपूरच्या दुकानांना विचारपूस करू लागले. मोठी भांडी धुणारी मशीन असते हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. त्यांनी एवढं शोधून काढलं की अशा मशीन दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत मोटारीवर ब्रश फिरतो, भांडं त्याच्यासमोर धरायचं. दुसरी बंद टाकीसारखी. भांडं आत ठेवायचं, झाकण लावायचं, आणि खालून पंप उकळतं पाणी जोराने मारतो. ब्रशवाली स्वस्त. पण आमच्या तांब्याच्या डेगांना कल्हई होती आणि तो ब्रश चार दिवसांत कल्हई खरवडून काढणार, असं कल्हईवाल्याने हसतहसत सांगितलं. त्याला अर्थात ब्रशवालीच यायला हवी होती. "तुमी तेच घ्या भाऊ," तो म्हणाला, "माया पोराचं लगन निघून जाईन."

ब्रश बाद झाला. टाकीवालीला मात्र कडक सोडा लागायचा. भाऊंनी तो आणवला आणि मोठ्या थाटात आमच्यासमोर एका जर्मनच्या गंजावर प्रयोग केला. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. सोड्याचं गरम पाणी गंजात पडलं, फसफसलं, आणि तो गंज आतून असा काळा पडला की विचारू नका. भाऊ तोंडात बोट घालून उभे. मुलांना त्या दिवशी भाजी उशिरा मिळाली. पंगतीत उभं राहून भाऊंनी सांगून टाकलं, "गंज मी खराब केला. महाराजले नका बोलू." नंतर ते कुठूनसा साधा, मवाळ सोडा शोधून घेऊन आले आणि त्याने जर्मन काळं पडत नाही हे पाहूनच पुढे सरकले.

राहिला मापाचा प्रश्न. नागपूरच्या दुकानदाराने कळवलं होतं की मशीनमध्ये "कोणतंही मोठं भांडं" जातं. भाऊंचा या वाक्यावर विश्वास नव्हता.

"त्याचं मोठं म्हनजे किती? त्यानं आपला गंज कुठं पाह्यला?"

"मग माप कळवा," मी म्हटलं.

"माप कायले? गंजच नेतो."

आणि खरोखर एके सकाळी भाऊ मेसचा सगळ्यांत मोठा गंज घेऊन एसटी स्टँडवर गेले. मलाही बरोबर घेतलं. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट लागेल. भाऊ म्हणाले, बसायला जागा देत असशील तर घेतो. शेवटी गंज टपावर चढला. कळंबला गाडी थांबली तेव्हा चिंतामणीच्या दर्शनाला आलेली काही मंडळी टपाकडे पाहून विचारू लागली, "कोनाकडलं लगन आहे?" भाऊ खिडकीतून तोंड काढून म्हणाले, "माया घरचं. नवरी पाहाले चाललो नागपूरले."

नवरी काही पसंत पडली नाही. टाकीचं दार समोरून उघडणारं होतं आणि गंज त्यात कानांपाशी अडकला. दुकानदार भला माणूस होता. त्याने सुचवलं, "साहेब, थोडे लहान गंज करून घ्या ना."

"मंग पोट्टे बी थोडे कमी करू काय?" भाऊ म्हणाले.

त्याने मग गोदामातली दुसरी दाखवली, वरून झाकण उघडणारी. तिच्यात गंज अलगद बसला. भाऊंनी बरोबर आमच्या विहिरीच्या पाण्याचा डबा आणला होता. ते पाणी टाकून मशीन चालवायला लावली, आणि थांबल्यावर कोटासकट कमरेपर्यंत आत वाकून वास घेतला. दुकानातली माणसं पाहतच राहिली. आतून आवाज आला, "हे बरी आहे." वर आले तेव्हा चष्म्यावर वाफ होती आणि चेहरा असा फुलला होता की मलाही उगाच आनंद झाला. परतीच्या प्रवासात ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की आता बाईने फक्त ठेवायचं आणि काढायचं.

समितीची बैठक झाली. अध्यक्ष होते जिनिंगवाले शेठजी. मशीनचा खर्च तेच देणार होते, तिच्यावर नावाची पाटी लागणार म्हणून. भाऊंनी सांगितलं, मशीन जर्मन बनावटीची आहे. शेठजींचा चेहरा पडला.

"जर्मनची? नगराळे, जर्मनची मशीन कितीक दिवस टिकन? एक ठोकर लागली का चेपटून जाईन. पितयची नाही भेटत का?"

ही जर्मन म्हणजे देश, धातू नव्हे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. मशीन पोलादी आहे हे कळल्यावर शेठजी खूश झाले. हीच वेळ बरी म्हणून भाऊंनी कंपनीचं माहितीपत्रक काढलं. त्यातल्या इंग्रजीचं त्यांनी स्वतः मराठी केलं होतं. उभे राहून, अभिमानाने, त्यांनी वाचलं, "या यंत्रात मनुष्याचा हात न लागता भांडी स्वच्छ होतात."

त्यांच्या डोळ्यांसमोर सीताबाईची फाटलेली बोटं होती. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सीताबाईच होती, पण निराळ्या तऱ्हेने.

"हात न लागता?" समितीतले वकील पुढे सरसावले. "वा! मग तो जो काही प्रश्न होता इतके दिवस, तो मिटलाच म्हणायचा."

"महाराजचीबी कुरकुर गेली," शेठजी म्हणाले. "मंजूर. ते बाई आहे ना, तिले महिनाभराची सूचना देऊन टाका."

सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या. कुणी वाईट बोललं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. मी कोपऱ्यात बसून बैठकीचा वृत्तान्त लिहीत होतो. भाऊंकडे पाहिलं तर ते तो कागद हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांनी तो घडी घालून कोटात ठेवला आणि खाली बसले.

बातमी भटारखान्यात त्यांच्या आधी पोचली. आम्ही मागे आलो तेव्हा सीताबाई हात पुसत उभी होती.

"भाऊ, नका आनू ना ते मशीन," ती म्हणाली. "मायं काही म्हननं नव्हतं हाताचं. हिवाळा जाते, बोटं भरून येते. काम गेलं तर काय करू मी? पोरगी शाळेत आहे मायी."

"तुयं काम जात नाही."

"सारे तर सांगून राह्यले."

"मी सांगून राह्यलो का?" भाऊ म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. तिने डोळ्याला पदर लावला आणि पुन्हा खाली बसून घासायला लागली. त्या दिवशी भाऊंनी चहा ठेवला, पण तो उकळून आटला तरी उतरवला नाही. मीच जाऊन स्टोव्ह बंद केला.

दुसऱ्या दिवशी भाऊ शेठजींच्या जिनावर गेले. मशीनचे कागद घेऊन मी मागे. कापसाचा हंगाम होता. जिनात सगळीकडे बारीक कापूस उडत होता, शेठजींच्या टोपीवर, गादीवर, आमच्या भुवयांवर.

"शेठजी," भाऊ म्हणाले, "कालच्या निर्णयाबाबत मला आपल्याशी बोलावयाचे आहे."

"बोलावयाचे" ऐकलं आणि मी मशीनचे कागद पुन्हा पिशवीत घातले.

"बोला ना."

"यंत्रात भांडी आपोआप जाऊन बसत नाहीत. कुणीतरी ती ठेवावी लागतात, काढावी लागतात. त्या जागी सीताबाईंनाच नेमावे. अन्यथा हे यंत्र आपण घेऊ नये."

शेठजी हसले. "नगराळे, मशीन पाहिजे होती तुमालेच. गंज घेऊन नागपूरले तुमीच गेलते."

"होय. आता मला ती नको आहे."

"तुमच्यातली बाई आहे म्हनून बोलून राह्यले तुमी."

"ज्या कारणासाठी आपण तिला काढता आहात, त्याच कारणासाठी मी बोलतो आहे," भाऊ म्हणाले. "ती जाणार असेल तर माझाही राजीनामा घ्यावा. मशीन कशी चालवायची ते आपण दुसऱ्या कुणाला शिकवावे."

शेठजी वाईट माणूस नव्हते. आयुष्यभर यंत्रांत गेलेले होते. आपली मशीन आली आणि ती कुणाला चालवता येईना, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. शिवाय गावभर सांगून झालं होतं. ते बराच वेळ टोपीवरचा कापूस वेचत राहिले.

"ठेवा तिले," अखेर म्हणाले. "पन नगराळे, तुमी फार तानता. हे बरं नाही."

बाहेर आल्यावर भाऊंनी रुमालाने चष्मा पुसला. मी म्हटलं, "भाऊ, राजीनामा खरंच दिला असता?"

"देऊन काय खाल्लं असतं बाबू?" ते म्हणाले. "पन बोलून गेलतो ना." आणि ते हसले. ते पुन्हा वऱ्हाडीवर आले म्हणून मला फार हायसं वाटलं.

मशीन आली. यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका कारखान्यातून भाऊंनी तिच्यासाठी चाकांचा लोखंडी गाडा करवून घेतला होता, गंज उचलावा लागू नये म्हणून. उद्‌घाटनाला शेठजींनी नारळ फोडला, बटण दाबलं, वकिलांचं भाषण झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सीताबाईने गंज आत ठेवला, झाकण लावलं, आणि मशीन अशी गर्जली की महाराज दोन पावलं मागे सरला.

गंज बाहेर आला तो लखलखीत. महाराज सवयीने लोटा घेऊन पुढे झाला आणि काठाला हात लावताच ओरडला. उकळत्या पाण्यातून निघालेला गंज तो; सोसवेना. त्याने पंच्याने धरून पाहिलं, जमेना. लोक उभे होते, चुलीवर आधण चढवायचं होतं.

"अरे सीताबाई," तो शेवटी म्हणाला, "जरा पकडो ना उधरसे."

सीताबाईने जाड फडकी घेऊन तो गंज धरला, महाराजाने दुसरा कान धरला, आणि दोघांनी मिळून तो चुलीवर चढवला. लोटा ओट्यावर राहून गेला. मी भाऊंकडे पाहिलं. ते वकिलांना बाष्पाच्या दाबाविषयी काहीतरी समजावत होते आणि त्यांचं स्वतःचंच त्या समजावण्याकडे मुळीच लक्ष नव्हतं.

महाराज काही एका दिवसात बदलला असं नाही. थंड झालेल्या लहान भांड्यांत तो पुढेही कधी कधी पाणी फिरवायचा. पण मोठ्या गंजांना दोघं लागत, आणि घाईच्या वेळी तिला हाक मारता मारता त्याची सवय सुटत गेली. पुढच्या हिवाळ्यात सीताबाईची बोटं फाटली नाहीत. हजेरीच्या फळ्यावर तिच्या नावापुढे "मशीन" असं भाऊंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. तिची मुलगी शाळेतून येताना ते वाचून जायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेने राळेगावला लहानसं वसतिगृह उघडलं आणि तिथे अनुभवी माणूस हवा म्हणून भाऊंची बदली झाली. तिथे वीजसुद्धा पोचायची होती. शेठजी जिनावरचं ते बोलणं विसरले नव्हते; बदलीचं हे कारण सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंना सगळ्यांत जास्त. त्यांनी तक्रार केली नाही. "मायाच मुलखात पाठवून राह्यले, चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

त्यांना पोचवायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. मी होतो, काही मुलं होती, महाराजाने बरोबर पुऱ्या दिल्या होत्या. भाऊंनी ट्रंक टपावर चढवली, खिडकीपाशी बसले आणि जरा इकडे तिकडे पाहून मला विचारलं, "सीताबाई नाही आली?"

"दुपारची भांडी निघाली आहेत," मी म्हटलं. "तिने निरोप दिलाय, मशीन सुरू आहे, सोडून येता येत नाही."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "आली असती तर मी रागावलो असतो तिच्यावर. ड्युटी म्हनजे ड्युटी." त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. मुलांना त्यांनी पुन्हा तेच ऐकवलं, की पाहा, बाई कामाची कशी पक्की आहे.

गाडी सुटायला वेळ होता. आम्ही बोलत होतो आणि भाऊ उत्तरं देत होते, पण त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून वसतिगृहाकडून येणाऱ्या रस्त्यावर जात होती. हिरव्या लुगड्यातली एक बाई लांबून येताना दिसली तेव्हा ते अर्धवट उठले. बाई भाजीवाली निघाली. ते बसले आणि कोटाची बटणं लावू लागले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, मुलं "भाऊ, भाऊ" करत बाजूने धावली, भाऊंनी हात हलवला. गाडी राळेगावच्या रस्त्याला वळली तेव्हासुद्धा ते खिडकीतून मान बाहेर काढून मागेच पाहत होते.